पाठीवरचा तांबडा दिवा

सायंकाळीं तुळशीपुढें दिवा लावला म्हणजे लावणाराच्या तोंडावरही त्याचा उजेड पडतो. देवघरांतील समई, ओसरीवरील कंदील, अभ्यासाच्या मेजावरील दिवा, या सर्वांचा लाभ ज्यानें ते लाविले त्याला प्रथम होतो. मनुष्यानें स्वतः लावावा, त्याचा खर्च सोसावा, आणि तरी तो स्वतःच्या दृष्टीस पडूं नये, असा दिवा व्यवहारांत विरळा. मोटारीच्या पाठीवरचा तांबडा दिवा हा त्या विरळ्या जातीचा आहे. पुढचे दिवे मालकाची वाट उजळतात. मागचा दिवा मागून येणाऱ्या अनोळखी माणसास सांगतो कीं, येथें एक गाडी आहे व तींत माणसें बसलीं आहेत. पुढचा दिवा मंद झाला तर त्याच रात्रीं मालकाची अडचण होते आणि दुसऱ्या दिवशीं गाडी मिस्त्रीकडे जाते. मागचा दिवा मंद झाला तर वर्षानुवर्षें पत्ताही लागत नाहीं. या दिव्याच्या उपेक्षेचें मूळ मालकाच्या आळसापेक्षां त्याच्या बसण्याच्या जागेंत अधिक आहे.

हा दोष सर्वत्र असला तरी भिवंडीसारख्या गांवीं तो विशेष जाचक होतो. भिवंडी ही यंत्रमागांची नगरी. मुंबईहून आग्र्याकडे जाणारा जुना रस्ता तिच्या अंगणांतून गेलेला आहे. नाशिककडील वाहतूक माणकोली, राजनोली, पडघा या बाजूनें वाहते. ५ जून २०२५ रोजीं इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाल्यापासून, नागपुराहून निघालेला ७०१ किलोमीटरांचा समृद्धि महामार्गही याच तालुक्यांतील आमणे गांवापाशीं येऊन पोंचला आहे. गोदामांकडे जाणाऱ्या मालमोटारींना दिवस काय आणि रात्र काय, सारखीच. उन्हाळ्यांत रस्त्यावरील धूळ व मागांवरून उडालेले सुताचे तंतू वस्तुमात्रावर बसतात. जूनपासून सप्टेंबरपर्यंत चिखलाचे शिंतोडे त्यांवर लेप चढवितात. अशा ठिकाणीं मागच्या दिव्याचा तांबडा रंग स्वच्छ राहणें ही शोभेची बाब राहत नाहीं.

कल्पना करावी कीं, भिवंडींतील एका गृहस्थाच्या दारांत वडिलांच्या वेळची प्रीमियर पद्मिनी उभी आहे. वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापिली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यांतून १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट ही गाडी बाहेर पडूं लागली, आणि पुढें तीच प्रीमियर पद्मिनी या नांवानें घरोघर परिचित झाली. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीच्या रूपानें तर ती शहराच्या ओळखीचाच एक भाग होऊन बसली होती. टॅक्सीला घातलेल्या वीस वर्षांच्या मर्यादेमुळें तशी शेवटची टॅक्सी ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस रस्त्यावरून गेली. परंतु खासगी मालकांनीं जिव्हाळ्यानें जपलेल्या गाड्या अजून कोठें कोठें दिसतात. या गृहस्थांनींही वडिलांच्या मागें गाडी जपली. रंग नवा दिला, गाद्या शिवून घेतल्या, बंपर घासून चकचकीत केले. ठाण्यास नोकरी करणारी मुलगी अधूनमधून ती गाडी नेते.

एका पावसाळी सायंकाळीं अंजूर फाट्याजवळ पुढची वाहनें एकाएकीं थांबलीं, मुलीनें ब्रेक दाबला, आणि मागून येणारा टेंपो जेमतेम हातभर अंतरावर येऊन थांबला. टेंपोवाला उतरून भांडला नाहीं. त्यानें पद्मिनीच्या मागच्या दिव्याकडे बोट दाखवून इतकेंच सांगितलें कीं, ब्रेकचा दिवा लागलेला कळला नाहीं. मुलगी घरीं येऊन म्हणाली, “बाबा, दिवा लागला होता, पण त्याला तो दिसला नाहीं.” गृहस्थांनीं गाडी भिंतीशीं पाठ करून उभी केली, ब्रेक दाबविला, आणि खालीं उतरून पाहिलें. बल्ब दोन्ही लागत होते. परंतु कांचांवर जणूं साय धरली होती.

ती साय कशाची, हें समजल्यावांचून हात लावणें धोक्याचें. घरोघर समया घासण्याची संवय असल्यामुळें प्रथम चिंच, राख किंवा भांडीं घासण्याची पूड आठवते. परंतु समईचें मळणें आणि या कांचेचें मळणें यांत जातीचा भेद आहे. पितळेवर हवेमुळें कीट चढतें व चिंचेचें आम्ल तें विरघळवितें. मोटारीच्या मागच्या दिव्यास लोक कांच म्हणत असले तरी ती बहुधा कांच नसते. ॲक्रिलिक नांवाच्या पारदर्शक प्लास्टिकची असते. हें द्रव्य १९३० नंतरच्या दशकांत बाजारांत आलें, आणि दुसऱ्या महायुद्धांत स्पिटफायर विमानांत वैमानिकाच्या डोक्यावरील पारदर्शक झांकण याचेंच केलेलें होतें. शुद्ध ॲक्रिलिकमधून दृश्य प्रकाशाचा सुमारें ९२ टक्के भाग पार जातो; ऊनपाऊसही तें पुष्कळ सोसतें. त्याचा दुबळेपणा एकच, कीं तें मऊ असतें. कोरड्या फडक्यानें धूळ पुसली कीं धुळींतील वाळूचा प्रत्येक कण त्यावर रेघ ओढून जातो. तीस वर्षें दररोज सकाळीं मोठ्या प्रेमानें कोरडें फडकें फिरविलें म्हणजे अशा असंख्य रेघांचें जाळें होतें, आणि हें जाळें म्हणजेच ती साय. वडिलांच्या हातचें प्रेमच त्या कांचेवर चऱ्यांच्या रूपानें साठलें होतें, असें म्हटलें तरी चालेल.

चऱ्यांमुळें दिवा मंद कसा दिसतो? स्वच्छ पृष्ठभागांतून प्रकाश ठरलेल्या दिशेनें बाहेर पडतो. चरे पडलेल्या पृष्ठभागावर तो चहूंकडे विखुरतो. दिवसा याच्या उलट दुसरी आपत्ति येते. बाहेरचें ऊन त्या चऱ्यांवर विखुरून कांच पांढुरकी दिसूं लागते, आणि त्या पांढुरक्या चमकेंत आंतला तांबडा उजेड हरवतो. पुष्कळ मोटारींत मागचा दिवा व ब्रेकचा दिवा एकाच बल्बांतील दोन तारांवर चालतात. पहिली तार पांच वॅटची, दुसरी एकवीस वॅटची. मागच्या माणसाला ब्रेक लागल्याचें कळतें तें या दोन उजेडांतील फरकावरून. हा फरक धूसर झाला म्हणजे दिवा लागूनही न लागल्यासारखा होतो. टेंपोवाल्याचें म्हणणें अक्षरशः खरें होतें.

या कांचेची रचनाही ध्यानांत घेण्यासारखी आहे. तिचें बाहेरचें अंग बहुधा गुळगुळीत असतें आणि प्रकाश पसरविणारे उंचवटे आंतल्या अंगास कोरलेले असतात. परावर्तकाचा जो भाग असतो त्याच्या आंतल्या बाजूस लहान लहान कोपऱ्यांची रांग असते. प्रत्येक कोपऱ्याचीं तीन पातीं एकमेकांशीं काटकोन करतात. मागच्या वाहनाचा उजेड त्या पात्यांवर आपटत आपटत ज्या दिशेनें आला त्याच दिशेनें परत जातो. म्हणून बॅटरी बंद पडलेली, काळोखांत उभी असलेली गाडीसुद्धां दुसऱ्याच्या उजेडानें चमकते. मात्र या कोपऱ्यांच्या मागें कोरडी हवा असावी लागते. तेथें पाणी शिरलें कीं प्रकाश परत न फिरतां पाण्यांत निघून जातो व परावर्तक आंधळा होतो. याचा अर्थ स्पष्ट आहे : घासायचें तें बाहेरून, आंतून केवळ धुवायचें. आंतल्या उंचवट्यांवर कागद फिरविणारा मनुष्य दिवा उजळीत नाहीं, तो मोडतो.

मग दोष बाहेर आहे कीं आंत, हें कसें ओळखावें? यासाठीं कोणतेंही यंत्र लागत नाहीं. वाटीभर पाणी पुरतें. दिवा लावून कांचेच्या बाहेरच्या अंगावर पाणी सोडावें. ओली असेपर्यंत कांच स्वच्छ व तेजस्वी दिसली आणि वाळतांच पुन्हां धूसर झाली, तर दोष बाहेरच्या चऱ्यांचा आहे. पाणी त्या चऱ्यांत भरून पृष्ठभाग क्षणभर सपाट करतें, म्हणून हा फरक पडतो. अशी कांच घासून सुधारते. ओली करूनही ती मंदच राहिली तर आंत धूळ वा ओल आहे, किंवा रंगच उडालेला आहे, किंवा पोटांत बारीक तडे गेले आहेत. गृहस्थांनीं पाणी सोडून पाहिलें तेव्हां उजवी कांच डाळिंबाच्या दाण्यासारखी खुलली. डावी मात्र ओली असतांही फिकट नारिंगी दिसली, आणि तिच्या एका कोपऱ्यांत कोळ्याच्या जाळ्यासारखे तडे होते.

काम हातीं घेतलें तें उजव्या कांचेपासून. जुन्या गाड्यांत कांच दोन-तीन स्क्रूंनीं बसविलेली असते. ते गंजलेले असल्यास जोर न करतां तेल सोडून थोडा वेळ थांबावें. कांच सुटल्यावर कोमट साबणाच्या पाण्यांत आंतबाहेर धुवावी, आंतील कोपऱ्यांतील माती मऊ ब्रशानें काढावी, आणि ती सावलींत पूर्ण वाळवावी. येथें एक इशारा अवश्य दिला पाहिजे. पेट्रोल, थिनर किंवा स्पिरिट यांचा बोळा या प्लास्टिकला लावूं नये. त्यांनीं डाग झटकन निघाल्यासारखा वाटतो. परंतु पोटांत ताण असलेलें ॲक्रिलिक त्यांच्या स्पर्शानें बारीक बारीक तडकतें, आणि तो तडा कोणत्याही पॉलिशनें भरत नाहीं. डाव्या कांचेची जी गति झाली होती, तशीच कित्येक कांचांची गति एका बोळ्यानें होते.

वाळलेल्या कांचेवर आधीं पॉलिशचा लेपच लावून पहावा. धूसरपणा वरवरचा असेल तर गाडीच्या रंगासाठीं वापरतात तें बारीक रबिंग कंपाउंड ओलसर फडक्यावर घेऊन गोल गोल फिरविल्यानें काम भागतें. चरे नखाला लागत असतील तरच वॉटर पेपर घ्यावा. १५०० क्रमांकाच्या कागदापासून आरंभ करणें बरें. अगदीं खोल चऱ्यासाठींच त्याहून जाडा, म्हणजे १००० किंवा ८०० क्रमांकाचा. कागद पाण्यांत भिजवून, साबणाचा थेंब टाकून, मऊ रबराच्या तुकड्याभोंवतीं गुंडाळून हलक्या हातानें घासावें. केवळ बोटांनीं दाबल्यास बोटाखालीं खळगे पडतात. प्रथम आडवें घासावें. १५०० च्या रेघा सर्वत्र सारख्या दिसूं लागल्या कीं कांच व कागद दोन्ही धुवून २००० नें उभें घासावें. शेवटीं ३००० नें पुन्हां आडवें. दिशा बदलण्याचें कारण असें कीं, मागच्या कागदाची एकही रेघ शिल्लक राहिली तर ती नव्या रेघांना आडवी जाऊन तत्काळ नजरेस पडते. मागचा कागद अपुरा फिरवून पुढचा घेणें ही या कामांतील सर्वांत सामान्य चूक आहे. ज्या कांचांच्या बाहेरच्या अंगास मुळांतच उभ्या कंगोऱ्या असतात, त्यांना कागद लावूंच नये. त्यांना लेप व ब्रश पुरे.

या टप्प्यावर कांच पूर्वीपेक्षां वाईट दिसते. ती दुधट होते, आणि नवशिक्याचा धीर सुटतो. वस्तुतः हीच पुढच्या यशाची खूण आहे; खोल-उथळ, वेड्यावांकड्या चऱ्यांच्या जागीं आतां एकसारख्या बारीक रेघा आल्या आहेत. त्यांवर कंपाउंड व त्यानंतर अधिक बारीक पॉलिश फिरवावें. फडकें सुती व मऊ असावें, आणि भिवंडींत सुती कापडाला तोटा नाहीं. परंतु मागावरून उतरलेल्या कोऱ्या कापडांत खळ असते, म्हणून तें दोन वेळां धुवून घ्यावें. प्रत्येक लेपाला फडकें निराळें. घाईच्या मनुष्यास यंत्राचें चाक लावण्याचा मोह होतो. परंतु ॲक्रिलिक सुमारें शंभर अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडूं लागतें. फिरतें चाक एका जागीं क्षणभर अधिक टेकलें तर पृष्ठभाग वितळून त्याला सुरकुती पडते. हाताला तेवढी उष्णता उत्पन्न करतां येत नाहीं, हा हाताचा मोठाच गुण समजावा. शेवटीं मेणाचा पातळ हात द्यावा, म्हणजे चिखल लवकर चिकटत नाहीं.

पुढच्या दिव्यांसाठीं सांगितलेले उपाय येथें जसेच्या तसे लागू करूं नयेत. अलीकडच्या गाड्यांत पुढच्या दिव्यांचें झांकण पॉलिकार्बोनेट या दुसऱ्या प्लास्टिकचें असतें व उन्हापासून रक्षणासाठीं त्यावर कठीण लेप दिलेला असतो. तें घासलें तर तो लेप निघतो व पुन्हां द्यावा लागतो. ॲक्रिलिकला बहुधा तशी गरज नसते. फिकट झालेला रंग झांकण्यासाठीं कोणी तांबडा रंग किंवा काळसर कागद लावितात. त्यानें डोळ्यांचें समाधान होतें, पण उजेड आणखी कमी होतो, म्हणजे रोग तोच राहून वर पांघरूण मात्र पडतें.

सायंकाळपर्यंत उजवी कांच तयार झाली. डावीवर गृहस्थांनीं दुसरा दिवस खर्च केला. बाहेरचे चरे गेले, चकाकी आली, हाताला ती रेशमासारखी लागूं लागली. परंतु दिव्यावर धरतांच नारिंगीची नारिंगी, आणि कोपऱ्यांतील तडे जागच्या जागीं. पॉलिशनें पृष्ठभाग सपाट होतो. उडालेला रंग त्यानें परत येत नाहीं. येथें त्यांच्या मनांत खरा झगडा उत्पन्न झाला. ही कांच वडिलांनीं स्वतः बसविलेली. तिच्या कांठावर त्यांच्या स्क्रू-ड्रायव्हरची निसटलेली खूणही ओळखूं येत होती. दिवसा पाहणारास ती आतां नव्यासारखी दिसली असती, आणि गाडी जशीच्या तशी राखल्याचें समाधानही लाभलें असतें.

मुलीनें वाद घातला नाहीं. तिनें इतकेंच विचारलें, “बाबा, ही कांच आपल्याला पाहायची आहे, कीं मागच्याला?”

या प्रश्नाचें उत्तर कायद्यानेंही देऊन ठेविलें आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ प्रमाणें मागच्या दिव्याचा तांबडा उजेड पाठीमागून १५५ मीटरांवरून दिसला पाहिजे, आणि गाडीच्या मागें दोन्ही बाजूंस एकेक तांबडा परावर्तक असला पाहिजे. १५५ मीटर हा आंकडा कागदावर रुक्ष वाटतो. परंतु तासाला ६० किलोमीटर वेगानें येणारें वाहन तेवढें अंतर सुमारें नऊ सेकंदांत तोडतें. समृद्धि महामार्गावर मोटारींना असलेल्या १२० किलोमीटरांच्या कमाल वेगानें तेंच अंतर पांच सेकंदांच्या आंत संपतें. पाहणें, उमजणें, पाय ब्रेकवर नेणें आणि गाडी थांबणें, हें सर्व तेवढ्या वेळांत व्हावयाचें असतें. दिवा अर्ध्या अंतरावरून दिसूं लागला तर हा वेळही अर्धाच उरतो. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांनीं संपते व पुढें पांच पांच वर्षांनीं तपासणी करून ती वाढवून घ्यावी लागते. परंतु त्या तपासणीचा दिवस पांच वर्षांतून एकदां येतो. मागून येणारी मालमोटार रोज येते.

पुढच्या रविवारीं गृहस्थ कुर्ल्यास सी. एस. टी. रस्त्यावरील सुट्या भागांच्या बाजारांत गेले. ज्या कुर्ल्यांत गाडी जन्मली त्याच कुर्ल्यांत तिच्या डाव्या दिव्याची कांच शोधावी लागावी, हाही एक योगच. घेण्यापूर्वीं त्यांनीं ती उजेडापुढें धरून रंग पारखला, तडे पाहिले, आणि परावर्तकाचे कोपरे आंतून नितळ आहेत ना, हें बोटभर पाणीही न लावतां केवळ नजरेनें तपासलें. घरीं येऊन होल्डरमधील हिरवट कीट काढलें, बॉडीशीं जोडलेली अर्थिंगची तार घासून घट्ट केली. कारण अर्थिंग सैल असेल तर नवी कांच घालूनही दिवा मंदच जळतो. वाळून कडक झालेलें रबरी पॅकिंग बदललें, म्हणजे पावसाचें पाणी पुन्हां आंत शिरूं नये. स्क्रू जेमतेम बसतील इतकेच आवळले. अधिक आवळल्यास कांच छिद्रापासून तडकते. जुनी डावी कांच मात्र त्यांनीं टाकली नाहीं. धुवून, पुसून, वडिलांच्या चष्म्याच्या घराशेजारीं कपाटांत ठेविली. आठवणीला घरांत जागा असते; रस्त्यावरची जागा मागून येणाऱ्याची.

त्या रात्रीं गोदामांकडचा रस्ता मोकळा होता. मुलगी गाडींत बसली. गृहस्थ रस्त्याच्या कडेनें मागें मागें चालत गेले. दोनशें पावलें मोजून ते थांबले आणि वळले. पावसाची बारीक झिमझिम होती. दूरवर दोन तांबडे ठिपके स्थिर जळत होते, दोन्ही सारखे. हात वर करून त्यांनीं खूण केली, मुलीनें ब्रेक दाबला, आणि ते दोन ठिपके एकदम ठसठशीत झाले. कित्येक वर्षें ती गाडी त्यांच्या घरीं होती. तिचा हा दिवा जेथून पाहावयाचा, तेथून तो त्यांनीं त्या रात्रीं प्रथमच पाहिला.